न बदललेली घरं आणि बदललेली घरं: प्रोटीन कायनेजच्या घडीचा आगाऊ अंदाज

जुलै १९९१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात पीकेए या एन्झाइमची क्ष-किरण स्फटिकरचना छापून आली. पीकेए म्हणजे सायक्लिक एएमपी या निरोप्या रेणूच्या इशाऱ्यावर चालणारं प्रोटीन कायनेज, दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सुझन टेलर आणि यानुश सोवाड्स्की यांच्या गटाने ती काढली होती. विभेदन, म्हणजे रचना किती बारकाईने दिसते ते, २.७ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग). कायनेज घराण्यातली ही पहिलीच रचना, त्यामुळे तिची वाट बघणारे बरेच होते.

त्यात झुरिचच्या ईटीएचमधले दोघं जरा जास्तच उत्सुक असणार. स्टीव्हन बेनर आणि डीटलिंड गेरलॉफ यांनी रचना हाती नसताना, फक्त कायनेज घराण्यातल्या अमिनो आम्लांच्या ओळी एकाखाली एक लावून, या एन्झाइमची द्वितीयक रचना लिहून काढली होती आणि ती छापायलाही दिली होती. हेलिक्स (साखळीचे मळसूत्री वेढे) कुठे, पट्ट्या (साखळीचे ताणलेले तुकडे) कुठे, वळणं कुठे, आणि साखळीच्या पहिल्या भागातल्या पट्ट्या एकमेकींना कशा लागून असतील, इथपर्यंत. स्फटिकरचना आली तेव्हा पहिल्या भागाचा आराखडा जुळला. आणि तो जुळला त्या काळच्या रूढ समजुतीच्या विरोधात जाऊन, म्हणून हे प्रकरण आजही उलगडून बघण्यासारखं आहे.

विद्यार्थ्यांना हा विषय सांगताना मी दरवेळी इथूनच सुरुवात करतो. कारण साधं आहे: या प्रकरणात काय केलं ते कागद-पेन्सिल घेऊन पुन्हा करता येतं.

एका ओळीवरून का जमत नव्हतं

१९५१ मध्ये पॉलिंग, कोरी आणि ब्रॅन्सन यांनी अल्फा हेलिक्सची मापं मांडली: एका वेढ्यात सुमारे ३.६ अमिनो आम्लं, दर आम्लामागे १.५ अँगस्ट्रॉम चढ. बीटा पट्टीत साखळी जवळजवळ ताणलेली असते, दर आम्लामागे सुमारे ३.३ अँगस्ट्रॉम, आणि बाजूच्या साखळ्या, म्हणजे प्रत्येक आम्लाचा मुख्य साखळीबाहेर डोकावणारा भाग, एकाआड एक वर-खाली तोंड करतात. या मापांवर पुढचा सगळा डोलारा उभा आहे.

सत्तरच्या दशकात लोकांनी सोपा रस्ता धरला. अ‍ॅलानिन, ल्यूसिन हेलिक्समध्ये जास्त सापडतात, व्हॅलिन आणि आयसोल्यूसिन पट्टीत, ग्लायसिन आणि प्रोलिन वळणांत. तर मग ओळीवर सरकत मोजत जा. १९७४ ची चौ-फास्मन पद्धत ही अशी. १९७८ ची गार्निये-ऑस्गुथॉर्प-रॉबसन पद्धत तिच्यापेक्षा नेटकी, पण मूळ कल्पना तीच, आवडीनिवडींची बेरीज. १९८३ मध्ये काब्श आणि सँडर यांनी या पद्धतींची एकसारख्या निकषाने तपासणी केली, तर हेलिक्स-पट्टी-इतर अशा तीन खात्यांत अचूकता ५० ते ५६ टक्क्यांच्या घरात निघाली. पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी एक बोचरी गोष्ट दाखवली: एकच पाच आम्लांचा तुकडा एका प्रथिनात हेलिक्स असतो आणि दुसऱ्या प्रथिनात पट्टी. म्हणजे तुकड्याला स्वतःचं असं ठाम मत नसतं. आजूबाजूचं प्रथिन ठरवतं. आवडीनिवडींचे तक्ते कितीही सुधारले तरी एका ओळीतून ही माहिती मिळणार कुठून?

ती मिळते नातेवाइकांकडून. उत्क्रांतीत ओळ झपाट्याने बदलते, घडी, म्हणजे साखळीचा त्रिमितीय आकार, मात्र फार सावकाश. दोन प्रथिनांच्या ओळी निम्म्याहून जास्त वेगळ्या असल्या तरी घडी तीच असू शकते. मग त्या ओळी एकाखाली एक लावल्या की प्रत्येक घरात, म्हणजे ओळीतल्या एकेका आम्लाच्या जागी, उत्क्रांतीने केलेल्या असंख्य प्रयोगांचे निकाल दिसू लागतात: या जागी काय चालतं, काय चालत नाही. पेरुट्झ, केंड्र्यू आणि वॉटसन यांनी १९६५ मध्येच ग्लोबिनच्या ओळींत हे टिपलं होतं. हेलिक्सच्या आतल्या बाजूची घरं साधारण ३.६ च्या अंतराने येतात आणि त्या घरांत पाणी टाळणारी आम्लंच राहतात. फक्त त्यांच्याकडे रचना आधीच होती. उलट दिशेने, ओळींकडून रचनेकडे जाण्याइतक्या ओळीच तेव्हा कोणाकडे नव्हत्या.

कायनेजच्या आधी एक छोटी रंगीत तालीम झाली होती. १९८७ मध्ये क्रॉफर्ड, नीरमान आणि किर्शनर यांनी ट्रिप्टोफॅन सिंथेजच्या अल्फा उपघटकाच्या ओळी जुळवून, पट्टी-हेलिक्स ही जोडी आठ वेळा येऊन घडणारं पिंप असेल असं सांगितलं. १९८८ मध्ये स्फटिकरचना आली, पिंपच निघालं. त्याच १९८७ साली झ्वेलेबिल, बार्टन, टेलर आणि स्टर्नबर्ग यांनी जुन्या पद्धतीलाच अलाइनमेंट, म्हणजे एकाखाली एक जुळवलेल्या ओळी, जोडून अचूकता सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते हे दाखवलं.

ग्लायसिनचा चकवा

आता कायनेज. ही एन्झाइमं एटीपी या पेशीच्या इंधन-रेणूवरचा एक फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रथिनावर चिकटवतात. पीकेएची ओळ १९८१ मध्ये हाती आली. १९८२ मध्ये बार्कर आणि डेहॉफ यांनी दाखवलं की कर्करोगाशी जोडलेलं सार्क हे विषाणूचं प्रथिन पीकेएचंच नातेवाईक आहे. त्यानंतर ओळींचा पूरच आला. १९८८ मध्ये हँक्स, क्विन आणि हंटर यांनी ६५ कायनेजच्या ओळी जुळवून त्यांत जपले गेलेले अकरा भाग नोंदवले. सगळ्यांत एक खूण होती: ग्लायसिन, काहीही, ग्लायसिन, काहीही, काहीही, ग्लायसिन.

आणि इथेच चकवा होता. जवळजवळ अशीच खूण डिहायड्रोजनेज एन्झाइमांत न्यूक्लिओटाइड (एटीपीच्या जातीचे रेणू) धरणाऱ्या घडीत असते. तिथे क्रम असतो पट्टी, मग ग्लायसिनचं वळण, मग हेलिक्स, मग समांतर पट्टी. कायनेजही एटीपी धरतं, खूणही तीच. तेव्हा घडीही तीच असणार, असं मानून प्रारूपं तयार झाली. तर्क अगदीच टाकाऊ नव्हता. काम सारखं, खूण सारखी. आज कोणी माझ्यासमोर असा पुरावा ठेवला तर मीही पटकन मान डोलवीन.

पण तीन ग्लायसिन सहा घरांत येणं ही फार छोटी खूण. ग्लायसिनला बाजूची साखळीच नाही, फॉस्फेटला जवळ येऊ द्यायचं तर तोच बरा, त्यामुळे दोन वेगळ्या घडी स्वतंत्रपणे या खुणेपर्यंत पोचू शकतात. प्रश्न असा विचारायला हवा होता: ग्लायसिन संपल्यावर पुढच्या घरांत हेलिक्सची लय दिसते का?

ते बघण्यासाठी मी चारच ओळी घेतो. बेनर आणि गेरलॉफ यांच्याकडची अलाइनमेंट यापेक्षा खूप मोठी होती आणि पुढची आकडेमोड माझी आहे, त्यांची नव्हे. पण चार ओळींतही गोष्ट उघड होते. पीकेए, सार्क, ईजीएफआर म्हणजे त्वचेच्या वाढीच्या संदेशाचा ग्राहक, आणि पेशीविभाजन चालवणारं सीडीसी२. चौघंही घराण्याच्या वेगवेगळ्या शाखांतले. आम्लांची नावं आखूड करून लिहितो: ग्लू म्हणजे ग्लुटामिक आम्ल, ग्लन म्हणजे ग्लुटामिन, ग्लाय म्हणजे ग्लायसिन, अ‍ॅस्प म्हणजे अ‍ॅस्पार्टिक आम्ल, बाकीची ओळखू येतील.

तिसऱ्या ग्लायसिनपासून पुढची सात घरं:

पीकेए: ग्लाय – आर्ज – व्हॅल – मेट – ल्यू – व्हॅल – लाइस
सार्क: ग्लाय – ग्लू – व्हॅल – ट्रिप – मेट – ग्लाय – थ्रे
ईजीएफआर: ग्लाय – थ्रे – व्हॅल – टायर – लाइस – ग्लाय – ल्यू
सीडीसी२: ग्लाय – व्हॅल – व्हॅल – टायर – लाइस – ग्लाय – आर्ज

तिसऱ्या घरातला व्हॅलिन चारही ओळींत अढळ आहे. तो आतल्या बाजूला असणार. हा तुकडा हेलिक्स असता तर त्या व्हॅलिनच्याच बाजूला तीन-चार घरं पुढची आम्लं आली असती, म्हणजे सहावं आणि सातवं घर. सहाव्यात चारपैकी तीन ग्लायसिन, जे हेलिक्सला नकोसं असतं. सातव्यात लाइस, थ्रे, ल्यू, आर्ज, म्हणजे जे मिळेल ते. ही हेलिक्सची आतली बाजू नव्हे. उलट एकाआड एक बघितलं तर पहिलं आणि तिसरं घर जपलेलं, त्यांच्या मधलं दुसरं मोकळं सोडलेलं: आर्ज, ग्लू, थ्रे, व्हॅल. ही पट्टीची चाल आहे.

पुढे पंधराएक घरांवर आणखी एक अढळ आम्ल येतं, पीकेएच्या मोजणीत ७२ व्या जागेवरचा लाइसिन. एटीपीसारख्या रसायनाने खूण लावून केलेल्या प्रयोगांतून तो एटीपीच्या शेजारी आहे हे आधीच माहीत होतं. अ‍ॅडिनिलेट कायनेजसारख्या एन्झाइमांत ग्लायसिनच्या वळणाला चिकटूनच लाइसिन येतो. इथे मात्र तिसऱ्या ग्लायसिननंतर सतरा घरं गेल्यावर. या लाइसिनच्या आसपासची घरं अशी:

पीकेए: टायर – अ‍ॅला – मेट – लाइस – आयल – ल्यू – अ‍ॅस्प
सार्क: व्हॅल – अ‍ॅला – आयल – लाइस – थ्रे – ल्यू – लाइस
ईजीएफआर: व्हॅल – अ‍ॅला – आयल – लाइस – ग्लू – ल्यू – आर्ज
सीडीसी२: व्हॅल – अ‍ॅला – मेट – लाइस – लाइस – आयल – आर्ज

सम घरं बघा: अ‍ॅला, लाइस, ल्यू किंवा आयल. जपलेली. विषम घरांत पहिलं आणि तिसरं पाणी टाळणारं, पाचवं आणि सातवं खुलं. म्हणजे पट्टीची एक बाजू पूर्ण लांबीभर गाभ्याकडे किंवा एटीपीकडे, आणि दुसरी बाजू आधी झाकलेली, मग पाण्यात उघडी पडलेली. हेलिक्स धरलं तर पहिल्या घराच्या शेजारी पाचवं येईल आणि तिथे आयल, थ्रे, ग्लू, लाइस अशी खिचडी आहे. ते जमत नाही.

वळण, त्यानंतर पट्टी, पुन्हा वळण, पुन्हा पट्टी, मध्ये हेलिक्स नाही. अशा पट्ट्या एकमेकींच्या शेजारी उलटसुलट दिशेने लागतात. बेनर आणि गेरलॉफ यांनी पहिल्या भागासाठी नेमकं हेच सांगितलं: उलटसुलट पट्ट्यांची चादर, डिहायड्रोजनेजची समांतर घडी नव्हे. सारख्या खुणेपेक्षा खुणेभोवतीच्या बदलांवर त्यांनी विश्वास टाकला.

हेलिक्स कसं ओळखू येतं

पट्ट्यांनंतर पीकेएच्या ९१ व्या जागेवर ग्लुटामिक आम्ल येतं. तेही घराण्यात अढळ. तिथून आठ घरं:

पीकेए: ग्लू – लाइस – आर्ज – आयल – ल्यू – ग्लन – अ‍ॅला – व्हॅल
सार्क: ग्लू – अ‍ॅला – ग्लन – व्हॅल – मेट – लाइस – लाइस – ल्यू
ईजीएफआर: ग्लू – अ‍ॅला – टायर – व्हॅल – मेट – अ‍ॅला – सेर – व्हॅल
सीडीसी२: ग्लू – आयल – सेर – ल्यू – ल्यू – लाइस – ग्लू – ल्यू

हे मी नेहमी कागदावर गोल काढून दाखवतो. हेलिक्समध्ये दर आम्लाला शंभर अंश फिरावं लागतं. पहिलं घर शून्यावर ठेवा. चौथं ३०० अंशांवर जातं, पाचवं ४००, म्हणजे एक फेरी वजा करून ४० वर, आठवं ७००, म्हणजे ३४० वर. जपलेली चारही घरं, १, ४, ५ आणि ८, शून्याच्या दोन्ही बाजूंना शंभर अंशांच्या कमानीत एकत्र आली. उरलेली? दुसरं १०० वर, सहावं १४० वर, तिसरं २०० वर, सातवं २४० वर. सगळी पलीकडे. आणि त्या पलीकडच्या घरांत लाइस, अ‍ॅला, आयल, आर्ज, ग्लन, टायर, सेर, ग्लू असा बाजार भरलेला. पाण्याकडची बाजू अशीच असते. तिथे कोण बसलंय याची घडीला फारशी फिकीर नसते.

एका पीकेएच्या ओळीत ही गोष्ट दिसली असती का? लाइस, आर्ज, आयल, ल्यू, ग्लन, अ‍ॅला, व्हॅल. थोडीफार. पण सीडीसी२ मध्ये दुसऱ्या घरात आयसोल्यूसिन आहे आणि ती एकटी ओळ वाचली तर तोही आत असावा असं वाटतं. बाकीच्या तिघांनी तिथे लाइस आणि अ‍ॅला बसवून दाखवलं की ते घर बाहेरचं आहे. जपलेलं घर एकटं काही सांगत नाही. जपलेल्या आणि सोडून दिलेल्या घरांची लय सांगते.

बेनर यांच्या रीतीत यापुढची एक बारीक गोष्ट होती, जी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. जवळचे नातेवाईक आणि लांबचे नातेवाईक वेगळे वाचायचे. अगदी जवळच्या दोन ओळींत जेमतेम काही घरं बदललेली असतात. ती सगळ्यात आधी बदलली याचा अर्थ तिथे बदलाला कोणाचीच हरकत नव्हती, म्हणजे ती बहुधा पृष्ठभागावरची. लांबच्या ओळींत मात्र बहुतेक सगळंच बदललेलं असतं, आणि तरीही एखाद्या घरात पाणी टाळणारंच आम्ल राहिलं असेल तर ते गाभ्यातलं. पाणी आवडणारं, विद्युतभारित आम्ल लांबच्या ओळींतही हललं नाही तर ते रचनेसाठी नव्हे, एन्झाइमच्या कामासाठी राखलेलं. लाइसिन ७२ आणि ग्लुटामिक ९१ या तिसऱ्या प्रकारातले. म्हणून शंभर टक्के जपलेली घरं बघून रचना लिहायला बसू नये. ती घरं बऱ्याचदा रसायनशास्त्राची गोष्ट सांगत असतात.

तोडायचं कुठे

हेलिक्स आणि पट्टी यांच्या सीमा ठरवणं हे कंटाळवाणं पण निर्णायक काम. इथे ओळींमधल्या फटी, म्हणजे आखूड ओळ जुळवताना सोडलेल्या रिकाम्या जागा, कामाला येतात. लाइसिन ७२ पासून ग्लुटामिक ९१ पर्यंतचं अंतर मोजा: पीकेएत १९, सार्कमध्ये १५, ईजीएफआरमध्ये १७, सीडीसी२ मध्ये १८. चौघांत चार आकडे. हेलिक्सच्या मधोमध एक आम्ल घुसवलं तर पुढची सगळी बाजू शंभर अंशांनी फिरते आणि गाभा विस्कटतो. पट्टीच्या मध्ये घुसवलं तर आत-बाहेर उलटतं. लांबीची अशी चढउतार फक्त सैल वळणच सोसू शकतं. तेव्हा पट्टी संपून हेलिक्स सुरू होण्याआधी या टप्प्यात कुठेतरी वळण आहे. सार्क, ईजीएफआर आणि सीडीसी२ यांच्या याच टप्प्यात प्रोलिनही येतात, तो आणखी एक साक्षीदार. पीडीजीएफ ग्राहक या घराण्यातल्या आणखी एका प्रथिनात तर कायनेजच्या भागात एके ठिकाणी सुमारे शंभर आम्लांचा आख्खा तुकडा घुसलेला आहे आणि तरी एन्झाइम चालतं. ती जागा पृष्ठभागावरच्या वळणाशिवाय दुसरी कुठली असणार?

पण याच ठिकाणी पाय घसरतो. फट कुठे टाकायची हे अलाइनमेंट करणाऱ्याने ठरवलेलं असतं. अढळ ग्लुटामिकचा खुंटा नसता आणि एखादी ओळ एका घराने सरकली असती, तर वरची १-४-५-८ ची लय धुळीला मिळाली असती. मी स्वतः एकदा एका वेगळ्या घराण्यात दोन दिवस हेलिक्स शोधत बसलो होतो. प्रोग्रामने टाकलेली फट एका घराने चुकली होती, हे शेवटी छापील कागदावर फूटपट्टी ठेवून ओळी वाचताना कळलं.

दुसरी गोष्ट साक्षीदारांची. साठ ओळी म्हणजे साठ स्वतंत्र साक्षी नव्हेत. माणूस, उंदीर आणि गाय यांच्या पीकेएच्या ओळी जवळजवळ सारख्याच; त्यांत एखादं घर जपलेलं दिसलं तर ते जपलं गेलं की बदलायला वेळच मिळाला नाही, हे सांगता येत नाही. वंशवृक्ष डोळ्यांसमोर न ठेवता टक्केवारी काढली की गर्दी असलेल्या शाखेचाच आवाज मोठा होतो. वरच्या चार ओळी मी मुद्दाम चार लांबच्या शाखांतून उचलल्या ते याचसाठी.

स्फटिक काय म्हणालं

पीकेएचं एन्झाइम दोन खंडांचं निघालं. लहान खंडात, म्हणजे साखळीच्या पहिल्या भागात, पाच उलटसुलट पट्ट्यांची चादर, तिच्या पाठीला हेलिक्स, आणि त्या हेलिक्सवरचा ग्लुटामिक ९१ समोरच्या पट्टीवरच्या लाइसिन ७२ ला हात देतो. मोठा खंड मुख्यतः हेलिक्सचा, आणि दोघांच्या मधल्या फटीत एटीपीची जागा. ग्लायसिनचं वळण पहिल्या दोन पट्ट्यांना जोडतं. ज्या व्हॅलिनची चाल आपण वर बघितली तो ५७ व्या जागेवरचा, आणि लाइसिनच्या पट्टीवरचा ७० व्या जागेवरचा अ‍ॅलानिन, हे दोघं मिळून एटीपीच्या अ‍ॅडेनिनला वरून झाकतात. म्हणजे सम घरं एटीपीकडे हे चार ओळींतून वाचलेलं खरं होतं. डिहायड्रोजनेजच्या घडीचा मागमूस नव्हता.

एका यशाने पद्धत सिद्ध होत नाही, असं लोक म्हणाले, आणि बरोबरच म्हणाले. उत्तर माहीत झाल्यावर जुळवलेले अंदाज आणि आधी छापून टाकलेले अंदाज यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, ही जाणीव मात्र पक्की झाली. १९९४ मध्ये जॉन मोल्ट आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या कॅस्प या चाचण्या त्याच पायावर उभ्या आहेत. रचना बाहेर येण्याआधी अंदाज जमा करायचा, मग तपासायचं. दरम्यान १९९३ मध्ये रोस्ट आणि सँडर यांनी हाताने वाचायचं काम न्यूरल नेटवर्ककडे दिलं. त्याला एक ओळ न देता अलाइनमेंटमधल्या प्रत्येक घरातलं प्रमाण दिलं आणि अचूकता ७० टक्क्यांच्या वर गेली. १९९९ च्या सायप्रेड या प्रोग्रामने ती ७६ च्या आसपास नेली. २०२० च्या कॅस्पमध्ये अल्फाफोल्ड २ ने आख्खी त्रिमितीय रचनाच सांगितली, तीही नातेवाइकांच्या ओळी आधी गोळा करून.

जिथे माझी पेन्सिल चुकली

लहान खंड हा या रीतीसाठी सोयीचा होता. पट्ट्यांना दोन बाजू, हेलिक्सला आत-बाहेर. मोठ्या खंडात एक जागा अशी आहे जी मी विद्यार्थ्यांना उत्तर न सांगता सोडवायला देतो, कारण पहिल्यांदा मी स्वतः तिथे ठाम अक्षरांत ‘पट्टी’ लिहिलं होतं:

पीकेए: अ‍ॅस्प – ट्रिप – ट्रिप – अ‍ॅला – ल्यू – ग्लाय – व्हॅल – ल्यू – आयल – टायर – ग्लू – मेट
सार्क: अ‍ॅस्प – व्हॅल – ट्रिप – सेर – फेन – ग्लाय – आयल – ल्यू – ल्यू – थ्रे – ग्लू – ल्यू
ईजीएफआर: अ‍ॅस्प – व्हॅल – ट्रिप – सेर – टायर – ग्लाय – व्हॅल – थ्रे – व्हॅल – ट्रिप – ग्लू – ल्यू
सीडीसी२: अ‍ॅस्प – आयल – ट्रिप – सेर – आयल – ग्लाय – थ्रे – आयल – फेन – अ‍ॅला – ग्लू – ल्यू

बघा काय होतंय. लाइसिन नाही, आर्जिनिन नाही, ग्लुटामिन नाही. बाहेरची बाजू म्हणावी अशी मोकळी घरंच नाहीत. भारित आम्लं दोनच, पहिलं आणि अकरावं, दोन्ही अढळ. मध्ये व्हॅल, ल्यू, आयल, थ्रे, व्हॅल, शिवाय एक ग्लायसिन. आवडीनिवडींचा तक्ता काढला तरी तो पट्टीच म्हणेल. गोल काढून बसलं तर जपलेली घरं चहूकडे पसरतात.

हे हेलिक्स आहे. मोठ्या खंडाच्या ऐन मध्यातून जाणारं, सगळ्या बाजूंनी दुसऱ्या हेलिक्सनी वेढलेलं. पाण्याकडे त्याचं तोंडच नाही, त्यामुळे हेलिक्सची नेहमीची सही त्याच्याकडे नाही. गाभ्यातलं हेलिक्स आणि गाभ्यातली पट्टी बदलांच्या नोंदीत सारखीच दिसतात, कारण दोन्हीकडे बदलायला मुभा असलेलं घर जवळपास नसतं.

त्यातून सुटका करून घ्यायला मला एकच ढोबळ माप उपयोगी पडलं आहे. तुकडा बारा घरांचा, आणि दोन्ही टोकांना मिळून आणखी तीन-चार घरं अशीच झाकलेली वाटतात, धरा पंधरा. पट्टी असेल तर ३.३ गुणिले १५, म्हणजे जवळपास ५० अँगस्ट्रॉम. एवढी लांब पट्टी, मध्ये न मोडता, कुठेही पाण्याला न लागता, दीडएकशे आम्लांच्या खंडाच्या पोटात मावेल कशी? हेलिक्स असेल तर १.५ गुणिले १५, साडेबावीस अँगस्ट्रॉम. ते मावतं. पीकेएच्या स्फटिकात हे हेलिक्स २१८ ते २३३ या जागांवर आहे, सोळा आम्लांचं. माझ्या जुन्या कागदावर तिथे ‘पट्टी’ खोडून बाजूला लांबीचा हा गुणाकार लिहिलेला आहे.